मापाबाहेरचा वेळ

वणीच्या सप्तशृंगी देवीला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण, हे नाशिक जिल्ह्यात लहान पोरही सांगेल. बाईच्या चोळीला एक खण पुरतो आणि लुगडे नऊ वारांचे. अठरा हातांच्या देवीचे माप मोठे, पण तेही ठरलेले आणि तोंडी चालत आलेले. मापाची ही शिस्त वणी गावात ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईच्या वहीत दिसते. छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. इंच, अर्धा इंच, पाव इंच. पान उलटले की दुसऱ्या गिऱ्हाइकाचे माप. या वहीत एकच गोष्ट कुठे लिहिलेली नसते, ती म्हणजे हे सगळे शिवायला किती वेळ लागला.

घर सांभाळून शिवणकाम करणाऱ्या बायकांविषयी बोलताना आपण 'तारेवरची कसरत' म्हणून मोकळे होतो. शब्द कौतुकाचा आहे, पण त्याने काही उलगडत नाही. तारेवरून चालणाऱ्याचे कसब आपण पाहतो. तार कोणी बांधली, कुठे बांधली, हे विचारत नाही. माझे म्हणणे असे की, या बायकांना वेळ कमी पडतो हे अर्धेच खरे. त्यांना वेळ तुकड्यांत मिळतो, आणि शिवणकामातले जे काम जास्त पैसे देते ते तुकड्यांत होत नाही. त्यांची कमाई कुठे अडते, ते इथे कळते.

ब्लाऊज शिवणे हे बाहेरून एक काम दिसते. आत निदान चार वेगवेगळी कामे आहेत. सुती अस्तर आदल्या रात्री भिजत टाकायचे, वाळवायचे, इस्त्री करायची. नाही तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे कापड चुणते. हे काम स्वयंपाकाच्या मध्ये बसते. मग कापणी. ती मात्र कशाच्याही मध्ये बसत नाही. येवल्याच्या पैठणीचा ब्लाऊजपीस साडीतूनच निघालेला असतो. कात्री पाव इंच आत गेली, तर तसेच कापड दुसऱ्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. टीप चुकली तर उसवता येते, कापलेले जोडता येत नाही. म्हणून बहुतेक जणी कापणी रात्री घरची निजानीज झाल्यावर करतात, नाही तर पहाटे. ती खरे म्हणजे सर्वांत ताज्या डोक्याने करायची, आणि तिच्या वाट्याला येतो दिवसातला सर्वांत थकलेला तास.

मशीनवरच्या टिपा मधल्या जातीच्या. बाही जोडून झाली की उठता येते. मध्येच उठले तर परत बसल्यावर कुठे होतो ते शोधावे लागते. हूक लावणे, हातशिलाई घालणे हे कसेही तुटले तरी चालते. ओट्यावर बसून, शेजारणीशी बोलत, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. चौथे काम म्हणजे गिऱ्हाईक. ते येईल तेव्हा येते. "ताई, जरा बघता का, काखेत घट्ट होतंय," म्हणून आलेली बाई पाच मिनिटांसाठी येते आणि मुलीच्या सोयरिकीची हकिकत सांगून अर्ध्या तासाने जाते. तिला घाई दाखवायची सोय नाही. ती नात्यातली, गल्लीतली किंवा पुढच्या लग्नसराईतली दहा ब्लाऊजची धनीण असते.

आता यात कलाकुसर कुठे येते ते पाहू. मागच्या गळ्याचे नवे आकार, पाइपिंग, आरीकाम, जुन्या खणांचे तुकडे जोडून केलेली झोळी किंवा पिशवी हे सगळे डोके आणि हात एकत्र लागणारे काम. त्याला सलग दोन-तीन तास हवेत. साधा ब्लाऊज आणि फॉल-पिको तुटक वेळेतही होतात. त्यामुळे जिचा दिवस सर्वांत जास्त तुटलेला, ती फॉल-पिकोवरच राहते. तिच्या हातात कला नसते असे नाही, सलग दुपार नसते. शिवण क्लासला सगळ्यांत सुबक हात असलेली मुलगी दहा वर्षांनी फॉल लावताना दिसते तेव्हा 'हिने पुढे काही केले नाही' असे लोक म्हणतात. मला ते फार उथळ वाटते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांची नऊ! हे आकडे आता बऱ्याच लेखांत येतात. ते कसे मोजतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडतात आणि त्यात काय काय केले ते विचारतात. एका रकान्यात एकाहून जास्त कामे असतील तर मुख्य कोणते तेही नोंदवतात. दूध गॅसवर, पोर अभ्यासाला आणि हातात हूक लावायचा ब्लाऊज असेल, तर यातले मुख्य काम कोणते? पाहणीवाल्यांनी त्यांच्या परीने उत्तर शोधले आहे. पण अर्ध्या तासात चार वेळा उठावे लागले, ही गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हेच मशीन, हाच दोरा बाजारपेठेतल्या शिंप्याच्या दुकानात पाहा. दुकान ठरल्या वेळी उघडते. चहा बाहेरून येतो, जेवणाचा डबा घरून येतो. गिऱ्हाईक दुकानात आले तरी कोणी त्याला भाजी निवडता निवडता भेटत नाही. आणि दुकानातल्या कित्येक कपड्यांची काजे-बटणे, हातशिलाई घरी बायकोकडे जाते. म्हणजे त्याची सलग दुपार तिच्या तुटक दुपारीतून तयार होते. यात कोणा शिंप्याला दोष द्यायचा नाही. पिढीजात धंद्याची घडीच तशी आहे. पण सरकारी योजनाही हीच घडी मानून चालते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपी आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांचे कर्ज, अशी ती योजना. चांगली आहे. मात्र लाभ एका कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. दोघेही शिवत असतील तर कागदावर शिंपी कोण, हे त्या घरातच ठरते. कसे ठरत असेल, ते वाचकाने ओळखावे.

शिवणकाम बायकांकडे आले ते मुळात 'घरात बसून करता येते' म्हणूनच. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले तेव्हा विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करणे हा हेतू होता, आणि शिवण हा त्यातला एक रस्ता होता. त्या काळात उंबरठा न ओलांडता चार पैसे मिळवून देणारे काम शोधणे ही मोठी दूरदृष्टी होती. त्याला आज नावे ठेवणे सोपे आहे, पण बरोबर नाही. महात्मा गांधी यंत्रांविषयी किती कठोर बोलत, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद ठरवले होते. बायकोचे कष्ट पाहवले नाहीत म्हणून सिंगरने ते यंत्र घडवले, असे त्यांचे म्हणणे. (प्रत्यक्षात आयझॅक सिंगर या गृहस्थाचे एकाच वेळी अनेक संसार होते. त्याच्या १८५१ च्या पेटंटमागे बायकोच्या प्रेमापेक्षा बाजाराची ओढ जास्त होती. पण गोष्ट गोड आहे, आणि टिकली.) पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंगचे 'उषा' मशीन आले आणि लग्नाच्या रुखवतात, हप्त्यावर, बचतगटाच्या कर्जातून ते घराघरांत पोचले.

यंत्र घरात आले, पण त्याच्याबरोबर दुकानाची वेळ आली नाही. आला 'घरबसल्या' हा शब्द. घरबसल्या कमवा, घरबसल्या शिका. या शब्दात असे गृहीत धरले आहे की बाई घरी नुसती बसलेलीच होती, तिच्या रिकाम्या वेळाला काम मिळाले. रिकाम्या वेळाचे पैसे कोण देईल? म्हणून शिलाई कापडावर ठरते, वेळेवर नाही. हिशेब करून पाहू. समजा, अस्तराच्या ब्लाऊजचे ३०० रुपये घेतले. अस्तर, हूक, दोरा, वीज यांचे ७० वजा जाता २३० उरले. नुसती कापणी आणि मशीन धरली तर दोन तास. तासाला ११५ रुपये, वाईट नाही. आता माप घेणे, अस्तर भिजवणे, हूक, हातशिलाई, घालून पाहणे, पुन्हा काखेत सैल करणे, वर ती अर्ध्या तासाची सोयरीक, हे सगळे मिळून चार तास धरा. तासाचे ५७ रुपये होतात. मशीनचा पट्टा, तेल आणि सुया अजून बाकीच आहेत.

हा प्रश्न एकेकट्या बाईच्या हिशेबाचाच नाही, हे २०२४ मध्ये राज्यभर दिसले. 'एक राज्य, एक गणवेश' या योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांचे गणवेश शिवण्याचे काम महिला बचतगटांना द्यायचे ठरले. कल्पना उत्तम: काम गावात, पैसा बायकांच्या हातात. पण दोनांपैकी स्काऊट-गाइडच्या गणवेशाला शिलाई आणि वरखर्च मिळून ११० रुपये दर ठरला. त्या दरात शिवायला अनेक गटांनी नकार दिला. कापड उशिरा आले, मापे जमेनात, आणि १५ ऑगस्ट उलटला तरी पुष्कळ मुलांना गणवेश मिळाले नव्हते. डिसेंबरात सरकारने पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. बचतगटांना जमले नाही, असे त्यावर बोलले गेले. ११० रुपयांत किती तास बसतात हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

वणीचे म्हणून एक वेगळे दुखणे आहे. इतरत्र नवरात्राचा ताण शिवणारीवर कामाचा असतो. रोजचा ठरलेला रंग वर्तमानपत्रांनी रुजवल्यापासून नऊ साड्यांना नऊ ब्लाऊज ही हौस खेडोपाडी पोचली आहे, आणि अखेरच्या आठवड्यात सगळ्यांना 'फक्त एकच' शिवून हवा असतो. वणीत त्याच दिवसांत गडावर जाणारे पाहुणे घरी उतरतात. कोजागरीपर्यंत हे चालते. चैत्रात रामनवमी ते पौर्णिमा गडावर यात्रा, खानदेशातून पायी येणारे भाविक, आणि तेव्हाच लग्नसराईचे माप. भोवताली दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागा. ऑक्टोबरात गोडी छाटणी निघाली की घरच्या किंवा दुसऱ्याच्या बागेत हात लागतातच. म्हणजे मशीनची, चुलीची आणि बागेची हातघाई एकाच पंधरवड्यात. बाकीच्या गावांतल्या बाईला एका हंगामातून दुसऱ्यात श्वास घेता येतो. इथे तिन्ही एकावर एक येतात.

यातून ज्यांनी वाट काढली आहे त्यांच्या युक्त्या साध्या आहेत, आणि सगळ्या वेळ सलग करण्याच्या आहेत. आठवड्यातल्या दोन सकाळी फक्त कापणी, त्या दिवशी मशीनला हात नाही. हूक आणि हातशिलाईची पिशवी वेगळी, ती दिवसभर हाताशी. माप आणि घालून पाहणे संध्याकाळी चार ते सहा, दारावर तशी पाटी. पहिले काही दिवस लोक रुसतात, मग सवय होते. घटस्थापनेच्या आठ दिवस आधी नवे काम घेणे बंद. तातडीचे असेल तर दर वेगळा, आणि तो आधी सांगायचा. यातली कुठलीही युक्ती घरच्यांनी साथ दिल्याशिवाय टिकत नाही. कापणीच्या सकाळी दाराची कडी वाजली तर उठायचे कोणी, हे ठरलेले असावे लागते. सासूबाई उठल्या किंवा नवरा उठला, तर तो ब्लाऊज त्यांनीही शिवला असे मी म्हणेन. मशीन स्वयंपाकघरातून काढून पडवीत, निदान पडद्याआड नेण्याचा गुण फार मोठा. दोन खोल्यांच्या घरात ते अवघड आहे, हेही खरे.

भाऊबीज ते तुळशीचे लग्न हे दहा-बारा दिवस वणीत थोडे उसंतीचे. मापाच्या वहीत मुंढ्याच्या पुढे एक रकाना वाढवायचा, आणि ब्लाऊजमागे किती वेळ गेला व किती वेळा उठावे लागले ते लिहायचे. एवढ्या दिवसांत पंधरा-वीस ब्लाऊज होतात. लग्नसराईचे दर सांगायच्या आत तेवढे आकडे हाताशी असतात.