कॅम्परची पायरी निवडताय? आधी आजीच्या गुडघ्याचं माप घ्या!



पिकअपच्या हौद्यावर बसवायची छोटी खोली, म्हणजे ट्रक कॅम्पर, या विषयावर सध्या बरीच तरुण मंडळी विचार करताहेत. आत झोपायला जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या विषयाची चर्चा वाढली आहे. व्हिडिओमध्ये आपण गादी, बॅटरी, सोलर यावर बोलतो. पण एक गोष्ट सगळे शेवटी बघतात आणि तीच ग्राहकाला सगळ्यात आधी भेटते. ती म्हणजे दारातली पायरी. आज फक्त तिच्यावरच बोलूया.

पायरी एवढी महत्त्वाची का?

समजा तुम्ही शिक्रापुरात कॅम्पर भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुणे-अहिल्यानगर रस्ता दारात आहे, चाकणचा रस्ता इथेच फुटतो आणि रांजणगावचा महागणपती जवळ आहे. तुमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक कोणतं येईल? बहुतेक अष्टविनायकाला निघालेलं कुटुंब. त्यात आजी-आजोबा असणार, लहान मुलं असणार आणि साडी नेसलेल्या बायका असणार. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून-उतरून दमलेली आजी संध्याकाळी तुमच्या गाडीपाशी येते. अंधार पडलाय, खाली चिखल आहे आणि दाराचा उंबरा तिच्या कंबरेएवढा उंच आहे. तिथे तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्या कुटुंबाचे पुढचे कित्येक महिने गेले. तुमच्या धंद्याचं नाव तर त्याच दिवशी गेलं. आतली गादी कितीही मऊ असली तरी मग कोणी विचारत नाही.

म्हणून पायरी निवडताना कॅटलॉग उघडण्याआधी टेप काढायचा.

पहिलं काम : उंबऱ्याची उंची मोजा

गाडी सपाट जागेवर उभी करा. कॅम्पर बसवलेला हवा, टाकीत पाणी भरलेलं हवं, सामान आत हवं. रिकाम्या गाडीचं माप घेऊ नका, कारण भरल्यावर पाटे दबतात आणि मागची बाजू खाली येते. आता जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत मोजा. रिकामी आणि भरलेली, दोन्ही मापं वहीत लिहून ठेवा.

समजा भरलेल्या गाडीचं माप ९० सेंटीमीटर आलं. आता गणित बघा. राष्ट्रीय इमारत संहितेत घराच्या जिन्याला एका पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटीमीटर आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी २५ सेंटीमीटर सांगितली आहे. गाडीला तेवढी जागा देणं अवघड जातं, पण उंचीच्या बाबतीत हाच आकडा डोळ्यासमोर ठेवा.

९० भागिले ५ म्हणजे १८. म्हणजे चढ पाच हवेत. इथे बरेच जण फसतात. चढ पाच असले तरी पायऱ्या चारच लागतात, कारण शेवटचा चढ उंबऱ्यावर होतो. आणि "तीन पायऱ्यांत भागवू" म्हणालात तर चढ चार होतात, एकेक साडेबावीस सेंटीमीटरचा. तरुणाला फरक कळणार नाही, आजीच्या गुडघ्याला लगेच कळेल.

अजून एक. सगळे चढ सारखे हवेत. शेवटचा चढ बाकीच्यांपेक्षा उंच किंवा बुटका असला, की अंधारात पाऊल चुकतं.

बाजारात आणि वर्कशॉपमध्ये काय-काय मिळतं?

१. कात्री पायरी. कात्रीसारखी उघडते आणि मिटून दारातच उभी राहते. अमेरिकेत ट्रक कॅम्परला हीच जास्त दिसते. जागा कमी घेते आणि चार पायऱ्यांची उंची गाठते. पण तिच्या सांध्यांत लहान मुलाचं बोट चिमटू शकतं आणि साडीचा काठ अडकू शकतो. आपल्याकडे घ्यायची असेल तर सांध्यांवर बाजूने पत्रा किंवा रबर लावून घ्या.

२. सरकती किंवा घडीची पायरी. दाराखालून बाहेर ओढायची. एक-दोन पायऱ्यांपुरती छान. उंबरा ९० सेंटीमीटरवर असेल तर एकटी पुरत नाही.

३. मोटरवर चालणारी पायरी. बटण दाबलं की बाहेर. दिसायला भारी, पण वायरिंग, धूळ आणि चिखल यांचं वैर आहे. ऊसतोडीच्या हंगामात शिरूर-दौंडच्या रस्त्यांवरून एक चक्कर मारा, मग ठरवा. घेतलीच, तर मोटर बंद पडल्यावर हाताने उघडता येते का, हे आधी बघा.

४. अडकवायची शिडी-पायरी. दाराखाली दोन मजबूत हुक असतात आणि पायरी काढून आत ठेवायची. सगळ्यात साधी, आणि आपल्या गावच्या वर्कशॉपमध्ये बनणारी. सुरुवातीला माझी पसंती हिलाच.

लटकणारी की टेकणारी?

हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे. पायरी जमिनीला न टेकता नुसती लटकत असेल, तर सगळा भार दाराखालच्या बोल्टवर येतो. ९० किलोचा माणूस दारापासून ६० सेंटीमीटर बाहेर उभा आहे आणि वरच्या-खालच्या बोल्टमध्ये १० सेंटीमीटरचं अंतर आहे, असं धरा. ९० गुणिले ६०, भागिले १०. वरच्या बोल्टला ५४० किलोची ओढ बसते! कॅम्परची भिंत बहुतेक वेळा पातळ पत्रा आणि प्लायवूडची असते, ती किती दिवस टिकेल?

तीच पायरी खाली पायांवर टेकली, की बराचसा भार जमिनीत जातो. म्हणून टेकणारीच घ्या. आणि हुक भिंतीला नाही, खालच्या लोखंडी फ्रेमला लावा.

टेकणाऱ्या पायरीला आपल्या काळ्या मातीत एक अडचण येते. २५ मिलिमीटर चौकोनी पाईपचे नुसते दोन पाय ठेवले तर पावसात ते जमिनीत घुसतात. प्रत्येक पायाखाली १० बाय १० सेंटीमीटरची प्लेट लावली, की जमिनीवरचा दाब सोळा पटीने कमी होतो. खर्च अगदी किरकोळ. पायांना दर अडीच सेंटीमीटरवर भोक आणि पिन ठेवा, म्हणजे उंच-सखल जागेवर उंची कमी-जास्त करता येते.

लोखंड की ॲल्युमिनियम?

चार पायऱ्यांची शिडी २५ मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाडीच्या एमएस पाईपमध्ये केली तर सुमारे सव्वानऊ मीटर पाईप लागतो. म्हणजे १३ किलोच्या आसपास. त्यावर ३ मिलिमीटरचा पत्रा टाकला की आणखी १० किलो. एकूण २३-२४ किलो. मजबूत आहे, पण दर मुक्कामाला ही उचलणार कोण? साठीचे काका?

ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात येतं. जाडी वाढवावी लागते, तरी वजन निम्म्याच्या आत राहतं. अडचण वेल्डिंगची. साध्या आर्क मशीनवर ॲल्युमिनियमचं काम नीट होत नाही, टिग किंवा मिग लागतं. नसेल तर बोल्ट-रिवेटने जोडता येतं.

लोखंडातच करायची असेल तर पत्र्याऐवजी जाळी वापरा. वजन कमी होतं आणि चिखल खाली पडतो. चेकर प्लेट दिसते छान, पण तिच्यावर चिखल बसला की ती घसरते. जाळीची भोकं मात्र बारीक हवीत, अनवाणी पायाला टोचायला नकोत. कडेला चमकणारी पट्टी लावा, रात्री पायरी दिसली पाहिजे.

हाताला काय धरायचं?

पायरीइतकाच दांडा महत्त्वाचा. चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. दाराच्या दोन्ही बाजूंना तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीचा गोल पाईप लावा, मुठीत नीट बसतो. तो जमिनीवर उभ्या माणसाच्या हाताला लागेल इतका खालपर्यंत यायला हवा. आजी पहिल्या पायरीवर पाय टाकण्याआधी दांडा शोधते, हे विसरू नका.

कायद्याचं आणि विम्याचं

मिटलेल्या पायरीने नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. निघताना पायरी आत घ्यायची राहिली तर पहिल्याच गतिरोधकाला ती जाते, आणि मागच्या दुचाकीवाल्याचा जीवही धोक्यात येतो. त्यामुळे पायरी खाली असेल तर ड्रायव्हरजवळ बझर वाजेल असा स्विच लावून घ्या.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत मनाने फेरबदल करता येत नाहीत. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. फ्रेमला वेल्डिंग करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. भाड्याने देणार असाल तर हे टाळूच नका. आणि गाडी चालू असताना मागच्या खोलीत कोणीही बसायचं नाही.

बनवणाऱ्यांसाठी धंद्याचं गणित

तुमचं वर्कशॉप असेल तर हा छोटा पण चांगला आयटम आहे. फूड ट्रक आणि फिरत्या दवाखान्यांनाही अशीच पायरी लागते. समजण्यासाठी आकडे धरू. मटेरियल ४,०००, दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी ३,०००, पावडर कोटिंग ८००, फिटिंग आणि ने-आण ७००, भाडं-वीज-मशीनची झीज १,०००. एकूण ९,५००. विक्री ११,५०० ला केली तर हातात २,००० राहतात. आता माप चुकलं म्हणून गिऱ्हाइकाने परत बोलावलं. दोन माणसांचा अर्धा दिवस म्हणजे १,००० आणि गाडीखर्च ५००. दोन हजारातले दीड हजार गेले! नफा मापात आहे मित्रांनो, वेल्डिंगमध्ये नाही.

हात बसलेला नसेल तर आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हीच तिथली पद्धत. फॅब्रिकेशनचं कामही तिथे शिकवलं जातं.

या आठवड्यात एवढंच करा

एखादी उभी पिकअप शोधा, टेपने माप घ्या. चढांची संख्या काढा. लाकडी खोक्यांची किंवा विटांची तेवढ्याच उंचीची कच्ची पायरी रचा आणि ती हलत नाही याची खात्री करा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला हात देऊन सावकाश चढायला सांगा. साडी नेसलेल्या आईला हातात पाण्याची कळशी घेऊन चढू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. कुठे थांबतात, कशाला धरतात, उतरताना तोंड कुठे करतात, ते वहीत लिहा.

ती वही घेऊन मग वर्कशॉपला जा. पाईप त्यानंतरच कापायचा.