बेट कल्पित, हिशेब खरा

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल तो कुंपणाच्या जाळीतून किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. त्याचे मैदान, त्याचे सदस्यत्व आणि त्याची काठी या तिन्ही गोष्टी मध्यमवर्गीयाच्या आवाक्यापासून कायमच दूर राहिल्या. परंतु गेल्या चाळीस वर्षांत या खेळाची एक दुसरी आवृत्ती घरोघरी शिरली आहे. ती व्हिडिओ खेळातली. तेथे कोणीही अंगठ्याच्या जोरावर चेंडू मारू शकतो, आणि तो चेंडू पुष्कळदा पडतो एखाद्या कल्पित बेटावर. चोहीकडे निळा समुद्र, मधे हिरवळ, तिच्यावर वाळूचे खड्डे आणि दूरवर फडकणारे छोटेसे निशाण. अशी बेटे कोणीतरी बसून रचलेली असतात. ती रचणे हा आता रीतसर व्यवसाय आहे. मुलांच्या खेळात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने नाक का खुपसावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की, या बेटावर आमच्या शास्त्राच्या पहिल्याच पानाची परीक्षा होते.

ते पहिले पान म्हणजे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली केलेली व्याख्या. साधने मर्यादित, त्यांचे उपयोग अनेक आणि गरजा त्याहून अधिक; म्हणून माणसाला निवड करावी लागते, आणि या निवडीचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. आता कल्पित बेटाकडे पाहा. तेथे जमीन हवी तेवढी आहे. टेकडी उचलून दुसरीकडे ठेवायला हाताची एक हालचाल पुरते. गवताला पाणी लागत नाही, माळी लागत नाही, खत लागत नाही. टंचाई म्हणून नाही. पण टंचाई नसली की खेळही उरत नाही. सर्वत्र सपाट हिरवळ असेल, वारा नसेल आणि खळी परातीएवढी असेल, तर तिसऱ्या फटक्याला खेळणारा कंटाळून पडदा बंद करील. म्हणून बेट रचणाऱ्याचे पहिले काम सौंदर्यनिर्मितीचे नाही. ते टंचाई निर्माण करण्याचे आहे. येथे पाणी घाला, तेथे वाळू, या वाटेवर झाडे, आणि वाऱ्याची दिशा चेंडूच्या विरुद्ध. सृष्टीत जे आपोआप असते ते येथे हिशेबाने आणावे लागते.

या खेळाचा जन्म कसा झाला हे लक्षात घेतले तर या गोष्टीला अधिक अर्थ येतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधोमध वालुकामय, खडबडीत पट्टे आहेत. त्यांना तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगर चालवावा अशी ती जमीन नव्हे. तिच्यावर मेंढ्या चरत आणि ससे बिळे करीत. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ च्या आपल्या ग्रंथात जिच्यावर मालकाला खंड मिळत नाही अशा सीमांत जमिनीची कल्पना मांडली. हे पट्टे तिचे जिवंत उदाहरण होते. त्यांच्यावर चेंडू मारीत हिंडणाऱ्यांमुळे कोणाच्या ताटातला घास कमी होत नव्हता. वाळूचे खड्डे वाऱ्याने आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी तयार केले. सेंट अँड्र्यूज येथे १७६४ साली काही टप्पे एकत्र करून बाविसांचे अठरा केले गेले. ती केवळ तेथल्या जागेची सोय होती. पुढे साऱ्या जगाने अठरा हाच आकडा शास्त्रवचनासारखा उचलला, आणि ज्या कल्पित बेटावर जागेची काहीच अडचण नाही तेथेही अठराच ‘होल’ रचले जातात!

ही रूढी पाळण्यासाठी एका तरुण जपानी प्रोग्रॅमरला काय करावे लागले, ती हकिकत सांगण्यासारखी आहे. निन्टेन्डो कंपनीने आपल्या घरगुती खेळयंत्रासाठी गोल्फचा खेळ करावयाचे ठरविले. त्या यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत अठरा होल बसणे अशक्य, असे सांगून अनेक कंपन्यांनी हे काम नाकारले. सातोरू इवाता नावाच्या तरुणाने मात्र ते पत्करले. पुढे २००२ साली ते याच निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी माहिती दाबून ठेवण्याची स्वतःची पद्धत शोधली, आणि १९८४ साली ‘गोल्फ’ हा खेळ बाजारात आला तेव्हा त्याचा सारा पसारा चोवीस किलोबाइटमध्ये मावला होता. हे माप किती लहान? प्रस्तुत लेख देवनागरी लिपीत संगणकावर साठविला तर साधारण तेवढीच जागा घेईल. एवढ्यात अठरा होल, झाडे, पाणी, वाळू, वारा आणि एक मिशीवाला खेळाडू!

हे कसे साधते, ते जुन्या छापखान्यात खिळे जुळविताना पाहिलेल्यांना चटकन कळेल. त्या यंत्रावरचे चित्र आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद अशा छोट्या चौकोनांचे बनत असे. झाडाचा चौकोन एकदाच कोरायचा आणि जेथे झाड हवे तेथे त्याचा केवळ क्रमांक द्यायचा. जुळारी ‘क’चे खिळे पुन्हा पुन्हा वापरतो तसे. जंगल कितीही दाट असो, त्याचा खर्च एका झाडाएवढा, आणि वर क्रमांकांची एक यादी. ती यादीही आवळून बांधायची. काठी फिरविण्याची क्रिया इवातांच्या खेळात बटन तीनदा दाबण्यावर आली: पहिल्यांदा आरंभ, दुसऱ्यांदा जोर, तिसऱ्यांदा नेम. ही पद्धत नंतरच्या कित्येक गोल्फ-खेळांनी जशीच्या तशी उचलली. जमीन अमर्याद असलेल्या त्या जगात टंचाई होतीच. ती फक्त जमिनीतून निघून स्मृतीत जाऊन बसली होती.

बेटाची कल्पना यानंतरची, आणि तिच्यामागेही काटकसरच आहे. कल्पित जगाला कोठेतरी संपावे लागते. भिंत घातली तर ती खोटी वाटते, डोंगर उभे केले तर त्यांच्या पलीकडे काय, असे खेळणारा विचारतो. समुद्र मात्र कोणालाच खटकत नाही. क्षितिजापलीकडचे काहीही काढावे लागत नाही, आणि चेंडू पाण्यात गेला की तो गेला, याला स्पष्टीकरणाची गरज नसते. निन्टेन्डोचे ‘वूहू’ हे बेट या जातीचे. २००७ साली व्यायामाच्या एका खेळात ते धावण्यासाठी म्हणून अवतरले, २००९ च्या ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’मध्ये त्याच बेटावर गोल्फ, तलवारबाजी, सायकल असे बरेच काही आले, २०११ मध्ये तेच विमानाच्या आणि मोटारशर्यतीच्या खेळांत दिसले. कंपनीचे ज्येष्ठ रचनाकार शिगेरू मियामोतो यांचा विचारच असा होता की, एखादे पात्र जसे अनेक खेळांत वावरते तसे हे बेट वावरावे. म्हणजे एकदा केलेला भांडवली खर्च चार खात्यांवर वाटला गेला. गोल्फच्या बाबतीत तर आणखी मौज आहे. २००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’मधील नऊ होल इवातांच्या १९८४ च्या खेळातूनच घेतलेले होते. बावीस वर्षे वापरूनही न झिजणारी ही यंत्रसामग्री. घसाऱ्याच्या प्रकरणात हिला कोणत्या रकान्यात घालावे, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.

तथापि उत्तम मैदान केवळ काटकसरीने होत नाही. अॅलिस्टर मॅकेन्झी हे पेशाने डॉक्टर. पुढे गोल्फ-मैदानांचे रचनाकार म्हणून ते जगप्रसिद्ध झाले. १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ या इंग्रजी नियतकालिकाने कल्पित होल रचण्याची स्पर्धा घेतली. परीक्षकांत चार्ल्स डार्विन यांचे नातू, गोल्फवर लिहिणारे बर्नार्ड डार्विन होते. मॅकेन्झींच्या आराखड्याला बक्षीस मिळाले. त्यांनी आरंभापासून खळीपर्यंत एकच वाट ठेवली नव्हती, अनेक ठेवल्या होत्या. धाडसी खेळाडूने पाण्यावरून सरळ मारावे, जिंकला तर एक फटका वाचेल, हरला तर चेंडू जाईल. सावध खेळाडूने वळसा घ्यावा, एक फटका जास्त मोजावा पण सुखरूप पोहोचावे. म्हणजे धोक्याची किंमत प्रत्येकाला आपापल्या कुवतीप्रमाणे ठरविता येते. प्रत्येक वाट निवडताना दुसरी सोडावी लागते, आणि सोडलेल्या वाटेचे मोल म्हणजेच आम्ही ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतो तो. ही गोष्ट वर्गात समजावून देताना माझे दोन तास जातात. व्हिडिओ खेळातल्या बेटावर बारा वर्षांच्या मुलाला ती दुसऱ्या फटक्याला कळते. या खेळांना सरसकट वेळेचा अपव्यय म्हणून हिणवणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. बेट रचणारा खेळाडूपुढे टंचाई मांडतो ती फक्त फटक्यांची. मैदानाला स्वतःला काय लागते याचा रकाना त्याच्या वहीत नसतो. आणि खऱ्या मैदानांच्या बाबतीत सारा वाद त्याच रकान्याचा आहे. स्कॉटलंडच्या निरुपयोगी वाळूवर जन्मलेला हा खेळ जेव्हा खंड देणाऱ्या जमिनीवर गेला, तेव्हा तो कोणाच्या तरी जागेवर गेला. बाली हेही बेटच, पण ते खरे आहे. तेथील तनाह लोट या समुद्रकाठच्या मंदिराजवळ गोल्फ-मैदानासह पर्यटनवसाहत उभारण्याची योजना आली तेव्हा १९९३-९४ मध्ये मोठी निदर्शने झाली. तरीही १९९७ मध्ये मैदान खुले झाले. भातखाचरांच्या पायऱ्यांपैकी काही रचनाकाराने मुद्दाम राखल्या, शोभा आणि अडथळा म्हणून. ज्या बेटाच्या ‘सुबक’ नावाच्या सहकारी पाटपद्धतीला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्याच बेटावर भात हा देखावा झाला. चीनने २००४ मध्ये नवी गोल्फ-मैदाने बांधण्यास मनाई केली. तरी ती वाढतच गेली, आणि जानेवारी २०१७ मध्ये ६८३ पैकी १११ मैदाने बंद केल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. जमीन आणि पाणी वाचविणे हे कारण दिले गेले. आपल्याकडेही एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर पाणी मारावे की नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि एप्रिलअखेरनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश झाला. खेळाचे गवत आणि पिण्याचे पाणी यांची तुलना करणे भावनिक आहे, असे तेव्हा काहींनी म्हटले. ती भावना नव्हे. एकाच साधनाचे दोन उपयोग समोरासमोर उभे राहिले होते, एवढेच.

कोणी म्हणेल, कल्पित बेटाला हे कशाला? तेथे ना शेतकरी ना मंदिर. उत्तर असे की, कल्पित मैदाने पडद्यावरच राहतात असे नाही. मॅकेन्झींचा बक्षीसपात्र होल काही बदलांसह प्रत्यक्षात उतरला तो न्यूयॉर्कजवळच्या ‘लीडो’ या मैदानावर. लाँग आयलंडच्या दक्षिणेला वाळूचे एक चिंचोळे बेट आहे. त्यावरची दलदल बुजवून सी. बी. मॅक्डोनाल्ड यांनी हे मैदान पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घडविले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने ती जागा घेतली आणि मैदान नष्ट झाले. नंतर उरली ती छायाचित्रे आणि आठवणी. पीटर फ्लोरी या हौशी अभ्यासकाने त्या जुन्या छायाचित्रांवरून उंचसखलपणा ताडत एका व्हिडिओ खेळात हे मैदान पुन्हा रचले. आणि मग जे घडले ते कोणाच्या स्वप्नातही नसेल. टॉम डोक या रचनाकाराने खेळातल्या त्या मैदानाची मापे घेऊन, उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणारे बुलडोझर लावून, विस्कॉन्सिन राज्यात समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या वाळवंटी जागेवर ‘लीडो’ पुन्हा उभा केला. तो २०२३ मध्ये खुला झाला. १९१४ ची कागदावरची कल्पना बेटावर गेली, बेटावरून स्मृतीत, स्मृतीतून खेळात आणि खेळातून दुसऱ्याच मातीत.

रचनाकाराच्या संगणकातील नकाशा जेव्हा बुलडोझरचा हुकूमनामा होऊ शकतो, तेव्हा त्या नकाशात काय लिहिलेले नाही याची चौकशी करणे भाग आहे. त्यात प्रत्येक चढाची उंची असते. त्या चढावरचे गवत मे महिन्यात कशावर जगेल, हे नसते. ते लिहिता येणार नाही असे मात्र नाही. २००२ साली आलेल्या ‘सिमगोल्फ’मध्ये मैदान बांधणाऱ्याला पैशाचा जमाखर्च सांभाळावा लागे, आणि लोकांनी तो आवडीने सांभाळला. त्याच वहीत दुसरा रकाना पाण्याचा का नसावा? बेटावर एकच विहीर किंवा एकच तळे असावे. उन्हाळ्यात पातळी उतरावी. आठव्या होलची हिरवळ राखली तर किनाऱ्यावरच्या वस्तीची पाळी एक दिवसाआड व्हावी. आणि रचणाऱ्याने कोठे हिरवळ ठेवायची, कोठे स्कॉटलंडसारखी उघडी वाळू सोडायची ते स्वतः ठरवावे. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने हे चार ओळींचे गणित आहे. चोवीस किलोबाइटमध्ये कदाचित ते बसले नसते. आजच्या खेळांना तेवढी जागा नुसत्या ढगांच्या सावल्यांना लागते.