नेच्यांचा उन्हाळा

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात नेचे जगत नाहीत, ही बागवाल्यांची तक्रार बहुधा नर्सरीतल्या बोस्टन फर्नवरून आलेली असते. मार्चमध्ये त्याच्या कडा करपू लागतात, मग माणूस पाणी वाढवतो आणि मुळं कुजतात. पण आशेरीगड, काळदुर्गासारख्या डोंगरांच्या वाटांवर ओल्या फटीफटीतून हंसराज येतो, त्याला कोण पाणी घालतं? इथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि इथल्या बऱ्याच नेच्यांनी आपला संसार त्याच चार महिन्यांत बसवला आहे. पाऊस सरला की हंसराजाची पानं वाळून जातात, मातीत उरतं ते आखूड खोड. आंब्याच्या फांदीवरचं बाशिंग लांब हिरवी पानं टाकून देतं, पण बुडाशी धरलेली तपकिरी पानं सोडत नाही. त्यांत पाचोळा साचतो आणि तेच त्याचं खत होतं. मयूरशिखा तर पानं आवळून पडून राहते आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडते. म्हणून सावलीतली ओली बाग म्हणजे बारमाही ओली बाग, हे समीकरण इथे सोडून द्यावं. निजलेल्या नेच्याला निजू द्यावं.

आठ महिने वाळक्या काड्या बघायच्या का, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर पाण्याच्या झारीत नाही, जागेच्या निवडीत आहे. केळवे-माहीमच्या वाड्यांत विहिरीच्या आतलं दगडी बांधकाम, पाटाची कड, न्हाणीचं पाणी जिरतं तो कोपरा, या जागा उन्हाळ्यातही ओल धरतात. कायम हिरवे राहू शकणारे नेचे तिथे लावावेत आणि झोपणारे पागोळीखालच्या दगडांत. थोडं थोडं पाणी घातलं तर हंसराजही हिरवा राहील, असं कुणी म्हणेल. एखाद्या वर्षी राहीलही, पण उष्म्यात सतत भिजलेल्या मातीत निजलेलं खोड कुजण्याचा धोका मोठा. शिवाय किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी कुंडीत आटलं की क्षार मागे उरतो आणि नेच्यांना तो सोसत नाही. चुन्याच्या जुन्या भिंतींवर येणारा टेरिस विटाटा मात्र चुना मागतो, त्याच्या मातीत जुन्या गिलाव्याचा चुरा घालावा. जाता जाता एक सांगायला हवं: हा नेचा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. तेव्हा कारखान्यांच्या आसपास, कुठून आला ठाऊक नसलेल्या भरावावर तो वाढला असेल, तर त्याची पानं भाजीच्या खतात टाकू नयेत.

राहिला रोपांचा प्रश्न. नर्सरीत देशी नेचे क्वचितच मिळतात, म्हणून पावसाळी सहलीत ते उपटून आणले जातात. याची गरजच नाही. हंसराजाच्या पानाचं टोक वाकून जमिनीला टेकलं की तिथे मूळ धरतं; एखाद्या बागेत एक रोप असलं तर टोकावर खडा ठेवला तरी पुरे. इतरांसाठी बीजाणू आहेत. पानामागचे ठिपके तपकिरी झाले की ते पान कागदात घडी करून ठेवावं, भुकटी आपोआप गळते. उकळून निवलेली जुनी वीट पाण्याच्या ताटलीत ठेवून तिच्यावर ती भुकटी भुरभुरावी, वर काच झाकावी. काही आठवड्यांत हिरवे पापुद्रे धरतात. नर पेशी त्यांच्यावरच्या पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जाते, म्हणून वीट एकदाही सुकता कामा नये. सगळ्या प्रक्रियेत सततची ओल खरोखर हवी ती इथेच. रोपं हाताळण्याजोगी व्हायला कित्येक महिने लागतात. ती जूनच्या अखेरीस, पाऊस स्थिरावल्यावर बाहेर लावावीत. सप्टेंबरात तयार झालेली रोपं घाईने लावू नयेत. पाऊस जाण्याआधी खोड भरायला त्यांना वेळ मिळत नाही, त्यापेक्षा पुढच्या जूनपर्यंत ती काचेखालीच बरी.