पहिल्या दिवशी प्रोग्राम चालला पाहिजे

सकाळी ८.३० : जालन्यातली आमची लॅब उघडतो. अंबड, बदनापूरकडची मुलं एसटीनं येतात. ती पोचायच्या आत इन्व्हर्टर आणि इंटरनेट तपासून घेतो. वेब डेव्हलपमेंटच्या नव्या बॅचचा आज पहिला दिवस.

९.३० : एक मुलगी घरूनच तयारी करून आली आहे. जुना व्हिडिओ बघून तिनं ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ हे नवा प्रकल्प उभा करून देणारं साधन चालवलं. हॉटस्पॉटवर हजाराहून जास्त पॅकेजेस उतरली, डेटा संपला आणि स्क्रीनभर वॉर्निंग. “सर, माझंच काहीतरी चुकलं ना?” तिचं काहीच चुकलेलं नाही. रिअ‍ॅक्टच्या टीमनं हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्येच निवृत्त केलं. व्हिडिओ मात्र अजून तेच शिकवतात.

११.०० : त्याऐवजी ‘वीट’ (Vite) हे साधन घेतो. त्याच्या नव्या आवृत्तीला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) किमान २०.१९ लागतं, तिच्याकडे १६ आहे. नोड बदललं तर तिचा जुना प्रकल्प बंद पडतो. म्हणून दोन्ही आवृत्त्या सांभाळणारं आणखी एक साधन टाकावं लागतं.

दुपारी २.०० : जुन्या बॅचला डॉकर. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा वाद मिटावा म्हणून २०१३ साली आलेलं हे साधन चार जीबी रॅमवर रडतखडत चालतं. दोघांच्या मशीनवर तर आधी बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागलं.

४.०० : मार्च २०१६ ची गोष्ट सांगतो. ‘लेफ्ट पॅड’ हे अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएम या पॅकेजेसच्या भांडारातून काढून टाकलं आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचं बिल्ड अडलं. मग मुलांना आपापल्या प्रकल्पातल्या प्रत्येक पॅकेजपुढे ‘हे कशासाठी?’ याचं उत्तर लिहायला लावतो. उत्तर सापडलं नाही, तर पॅकेज काढायचं.

५.०० : नव्या बॅचला नोटपॅड, एक एचटीएमएल फाइल आणि ब्राउझर, एवढंच. सकाळच्या त्या मुलीनं घरच्या मोसंबीच्या तोडणीचा हिशेब मांडला. वजन, भाव टाकून बटण दाबलं की रक्कम समोर. काहीही इन्स्टॉल न करता.

मोठ्या कामाला, मोठ्या टीमला ही साधनं लागतातच. पण ती पहिल्याच दिवशी पुढ्यात ठेवली की हुशार मुलंसुद्धा ‘हे आपल्याला जमायचं नाही’ म्हणून परत फिरतात. शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : पहिल्या तासाला प्रोग्राम चालू द्या, साधन गरज पडेल तेव्हाच आणा, आणि सेटअपची प्रत्येक पायरी आवृत्तीच्या आकड्यासकट मराठीत लिहून ठेवा.