गाडीवर गाडी न्यायची? आधी डाला बघा!

लेह-लडाखची राईड असो की पोराची बुलेट पुण्याला पोचवायची असो, यवतमाळातून बाईक न्यायला आपल्याकडं टाटा एस नाहीतर बोलेरो पिकअपच कामी येते. भाडं ठरवण्याआधी एवढं तपासा:

🔸 लांबी: टाटा एस गोल्डचा डाला सुमारे २२०० मिमी, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० जवळपास २१४५ मिमी. म्हणजे जेमतेम बसते. दोन बुलेट असतील तर सरळ पिकअप घ्या.

🔸 तळ: पत्रा गंजलेला नको. पायानं दाबून बघा. लचकला तर नाही म्हणा. क्लासिकचं वजनच १९५ किलोच्या आसपास आहे.

🔸 हूक: फळक्याला नाही, खालच्या आडव्या चॅनेलला वेल्ड केलेले हवेत.

🔸 फळी: चढवायला निदान आठ फुटी, वरच्या टोकाला अडकवता येणारी.

बांधताना पुढचं चाक केबिनला टेकवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. रॅचेट पट्टे खालच्या टी-स्टेमवरून घेऊन पुढचे शॉकॲब थोडे दबेपर्यंत ताणा. साइड स्टँड वर! नुसत्या सुतळीच्या भरवशावर राहू नका.

वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. आरसीची झेरॉक्स ड्रायव्हरजवळ द्या अन् निघण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.