ओट्याला गूळ नको, पाणी हवे



उसाचे बिल हाती आले की घराची कामे निघतात. अल्लीपूर भागात फिरताना आम्हाला घरोघरी स्वयंपाकघराचे ओटे होताना दिसतात. गॅस आला, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, तसा ओटा गरजेचा झाला. कडप्पा, ग्रॅनाइट चांगलेच. पण घरी गिट्टी-रेती उरलेली असली की पुष्कळजण सिमेंटचाच ओटा ओतून घेतात. ऊस सोडून ही ओट्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण यात आपल्या साखरेचाच संबंध आहे.

एका सभासदाकडे ओतलेला ओटा तिसऱ्या दिवशीही नखाने उकरत होता. मिस्त्री सिमेंटला दोष देत होता. चौकशी केली तेव्हा समजले की मजबुतीसाठी म्हणून पाण्यात गूळ कालवला होता. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालीत, हे खरे. पण चुना वेगळा अन् सिमेंट वेगळे. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते आणि साखर नेमकी तीच क्रिया अडवते. अर्ध्या पोत्या सिमेंटात पाव किलो साखर गेली तरी माल आवळतच नाही. तो ओटा फोडावा लागला. माल गेला, मजुरीही गेली. म्हणून गुळाची, मळीची भांडी किंवा साखरेची रिकामी पोती या कामाला वापरू नका.

आता मापाचे. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ इंच जाड ओट्याला साधारण अर्धे पोते सिमेंट लागते. प्रमाण एकास दीड रेती, तीन बारीक गिट्टी. पाणी १२ लिटरच्या आत ठेवा. पातळ माल ओतायला सोपा, पण पुढे तडकतो. आत लोखंडी सळ्यांची जाळी हवीच. असा ओटा सुमारे १४० किलो भरतो, तेव्हा खालच्या भिंती पक्क्या हव्यात. उंची मिस्त्रीच्या अंदाजाने नको. घरात स्वयंपाक करणाराला उभे करून कोपराच्या चार बोटे खाली खूण करा. शेगडी मात्र सिलिंडरपेक्षा उंच राहिली पाहिजे.

आपल्याकडचे ऊन कडक. किमान १० दिवस ओले पोते टाकून ओटा ओला ठेवा. लागणीनंतरचे पाणी चुकले तर ऊस सुधारत नाही, तसेच हे.

२८ दिवसांनी ओटा कोरडा झाला की उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. मोकळी पसरून वाळवा.

लिंबू, चिंच, ताक सांडले तर लगेच पुसा; आंबट पदार्थ सिमेंट खातो. संडासाचे अ‍ॅसिड ओट्याला लावूच नका, साधे साबणाचे पाणी पुरे. गरम गंज चुलीवरून काढला की खाली लाकडी पाट ठेवा. पाणी आत मुरू लागले की तेलाचा हात पुन्हा द्या.

ज्यांचे काम या हंगामात निघणार आहे त्यांनी मिस्त्रीला गुळाची गोष्ट आधीच सांगावी. गूळ पोळीत शोभतो, ओट्यात नाही.