पगारजप्ती आणि नादारीचा अर्ज

मिठबाव हें देवगड तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. आंबा आणि मासळी हीं तेथील पुष्कळ घरांच्या मिळकतीचीं दोन खातीं. तिसरें खातें म्हणजे नोकरीवर असलेल्या मुलाचा पगार. एखाद्या वर्षीं मोहोर गळाला म्हणजे कर्जाचा सारा भार या तिसऱ्या खात्यावर येतो. अशा घरीं पगारजप्तीचा हुकूम आला कीं पहिला प्रश्न उठतो तो हा, कीं नादारीचा अर्ज केल्यास जप्ती थांबेल काय? अर्धवट माहितीवर सल्ला देणारे बाजारांत पुष्कळ आहेत. सबब याचें उत्तर आम्ही स्पष्टपणें देतों.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं सगळा पगार कोणासही जप्त करतां येत नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणें पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग मोकळा राहतो. बावीस हजार पगार असल्यास जप्तीस पात्र रक्कम सात हजार. घरीं पंधरा हजार येतात. एकाच हुकूमनाम्याखालीं एकंदर चोवीस महिने जप्ती झाली, कीं त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. मजुराची व घरगड्याची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधि यांस तर हातच लावतां येत नाहीं. ही सवलत सोडल्याचें कागदावर लिहून घेतलें, तरी तें लिखाण रद्दबातल होय. मात्र बायकोमुलांच्या पोटगीच्या हुकूमनाम्यास एकतृतीयांशच पगार मोकळा राहतो.

आतां नादारीविषयीं. गांवीं राहणाऱ्यास १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू असून त्याचा अर्ज ओरोस येथील जिल्हा न्यायालयाकडे जातो. मुंबई शहरांत राहणाऱ्यास १९०९ चा वेगळा कायदा आहे. १९२० च्या कायद्याखालीं केवळ अर्ज दिल्यानें जप्ती आपोआप थांबत नाहीं. परंतु पुढें नादारी जाहीर झाली, तर अर्ज दाखल करून घेतल्या दिवसानंतरच्या वसुलीवर एकट्या डिक्रीदाराचा हक्क राहत नाहीं, आणि न्यायालयाच्या परवानगीवांचून कोणाही सावकारास ऋणकोच्या मालमत्तेमागें लागतां येत नाहीं. पगाराचा मोकळा भाग ऋणकोचाच राहतो. उरलेला रिसीव्हरमार्फत सर्व सावकारांत प्रमाणशीर वांटला जाऊं शकतो. म्हणजे नादारी ही पळवाट नव्हे, सरळ वांटणी होय.

तिच्या मर्यादाही सांगणें आमचें कर्तव्य आहे. गहाण बाग गहाणदाराची राहतेच. लबाडीनें केलेलें कर्ज व सरकारी देणें मुक्ततेच्या हुकुमानेंही फिटत नाहीं. सर्वांत दुःखाची गोष्ट ही कीं विश्वासानें जामीन राहिलेला शेजारी सुटत नाहीं. मालमत्ता दर रुपयास आठ आणे इतकीही नसेल, तर तें आपल्या दोषानें घडलें नाहीं असें ऋणकोस न्यायालयास पटवावें लागतें. म्हणून हिशेबाचे कागद जपून ठेवावे व कांहीं दडवूं नये.

आमच्या व्यापारी वाचकांनीं नादारी म्हणजे आपलें नुकसान असें समजूं नये. आधीं धांवला त्याला सगळें आणि मागाहून आला त्याला कांहींच नाहीं, हा अन्याय याच कायद्यानें टळतो.

तथापि कायदा लोकांच्या हातीं पोंचला पाहिजे. १९३७ च्या दुरुस्तीनें पगारांतील पहिले १०० रुपये मोकळे ठेवले होते. आज २००२ पासूनचा १,००० रुपयांचा आंकडा महागाईपुढें हास्यास्पद झाला आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेंत अल्प उत्पन्नाच्या ऋणकोस नव्यानें आरंभ करण्याची तरतूद आहे. पण सामान्य माणसासाठीं ती अद्याप अंमलांत आलेली नाहीं. सरकारनें हे दोन्ही दोष दूर करावे, आणि तालुक्याच्या विधि सेवा समितीनें ही माहिती मिठबावसारख्या गांवांत चावडीवर जाऊन सांगावी. कर्ज बुडविणें लाजिरवाणें खरें. परंतु कर्ज फेडतां न येणें व तें न्यायालयापुढें प्रामाणिकपणें कबूल करणें यांत लाज कसली?